वाइनची द्राक्षं लावा म्हणण्याआधी : कर्नाटक द्राक्ष आणि वाइन मंडळाला अथणी तालुक्यातून खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक, कर्नाटक द्राक्ष आणि वाइन मंडळ, तसेच फलोत्पादन खात्याचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

अथणी आणि कागवाड तालुक्यांत पुन्हा वाइनच्या द्राक्षांची बोलणी सुरू झाली आहेत. बेदाण्याला दर नाही, खायचं द्राक्ष दलाल म्हणेल त्या भावानं सोडावं लागतं, तेव्हा आता वाइनचे वाण लावा, असं आम्हाला सांगितलं जातं. अशाच एका बैठकीत मी उभी राहिले आणि विचारलं, "माल कोण उचलणार? आणि ते लेखी मिळणार का?" उत्तर आलं, "आधी लागवड वाढू दे ताई, कंपन्या मागोमाग येतील." आमच्या आधीच्या पिढीलाही हेच उत्तर मिळालं होतं. ते कुणी दिलं याला मी महत्त्व देत नाही आणि नावही घेणार नाही. पण त्या उत्तराच्या भरवशावर पुन्हा एकदा बागा उभ्या राहू नयेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारख्या बागायतदारांनीही ते वाचावं.

मी अथणी तालुक्याच्या पूर्वेकडच्या, पाण्याला तुटलेल्या भागात राहते. कृष्णाकाठाला ऊस आहे, कारखाने आहेत, आणि २०१९ सारखा महापूरही आहे. आमच्याकडे मुरमाड माळ, कोरड्या पडत जाणाऱ्या बोअर, शेततळी, ठिबक, आणि वाईट साल आलं की बागेला टँकर. तेलसंग, कोहळ्ळी, ऐगळी या पट्ट्यात द्राक्ष आलं ते मिरज-तासगावच्या वाटेनं. तासगावच्या बोरगावात निवडलेला तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा सोनाका हे वाण आम्ही सोयऱ्याधायऱ्यांच्या बागेत पाहिले आणि काड्या आणून आपल्या रानात भरले. छाटणीच्या टोळ्या तिकडून इकडे येतात. आमचा बेदाणा तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात जातो. माझ्या सासऱ्यांनी पहिली बाग धरली. आता ती मी आणि माझे पती मिळून बघतो. बेदाण्याच्या शेडचा, औषधांचा आणि पीकेपीएसच्या (गावच्या शेती पतसंस्थेच्या) कर्जाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे एखादा सल्ला किती रुपयांना पडतो हे मला वहीत दिसतं.

वाइनची द्राक्षं आमच्याकडे होऊ शकतात, याबद्दल मला शंका नाही. आमच्या पूर्व भागात पाऊस कमी. ऑक्टोबर छाटणीनंतर हवा कोरडी राहिली तर डाऊनीचा (केवडा रोगाचा) त्रास बेळगाव शहराच्या बाजूपेक्षा कितीतरी कमी होतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात, दिवसा ऊन असतं, आणि मण्यात रंग भरायला नेमकं तेच लागतं. वाइनचा वाण मुद्दाम कमी मालावर ठेवतात. खायच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन घेणारा माणूस इथं चार-पाच टनांवर थांबतो. मणी फुगवायचे नसतात, घडांना डिपिंग (वाढीच्या औषधात बुडवणं) नसतं, पाणी बेतानं द्यायचं असतं. पाण्यासाठी जीव टांगणीला लागलेल्या तालुक्याला हे पीक सोसेल, असं मला वाटतं. एक अडचण आहे आणि तीही मोकळेपणानं सांगते. आमच्याकडे मार्च लवकर तापतो. माल उशिरा तयार झाला तर साखर भराभर चढते, आंबटपणा पडतो आणि वाइन चपटी होते, म्हणून इथली छाटणी नाशिकच्या तारखांवर चालणार नाही. नक्की कोणत्या तारखांवर चालेल, हे आमच्याच मातीत बघावं लागेल.

कमी नावाच्या जागी चांगली वाइन होते, हे आपल्या आसपासच दिसलं आहे. नाशिकची ओळख खायच्या द्राक्षाची होती. १९९९ मध्ये तिथं सुला या वाइन कंपनीची सुरुवात झाली, महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, आणि पुढच्या दहा वर्षांत नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळण्यापर्यंत मजल गेली. आपल्या राज्यात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरला ग्रोव्हरच्या बागा १९८८ पासून आहेत. हंपीच्या टेकड्यांत क्रिस्मा या वाइनरीची बाग आहे. त्या खडकाळ उन्हाच्या जागेत कॅबरनेसारखा वाइनचा वाण होईल असं पूर्वी कुणाला वाटलं नसतं. माझ्या मते आमच्यासाठी सगळ्यांत जवळचा धडा अकलूजचा. सोलापूर जिल्ह्यातला तो ऊस आणि कोरड्या माळांचा मुलूख. तिथं मोहिते-पाटील कुटुंब, दिल्लीकडचं एक कुटुंब आणि इटलीतले दोन भाऊ एकत्र आले आणि फ्रातेल्ली ही वाइनरी उभी राहिली. मोटेवाडीच्या रानात त्यांनी सांजोवेजे हा इटलीचा वाण लावला. अकलूजची हवा नाशिकपेक्षा आमच्या हवेशी अधिक जुळते. तिथं भागीदारांनी बागा स्वतः लावल्या आणि वाइनरीही बागेलगत बांधली. म्हणजे माल पिकवणारा आणि माल घेणारा एकाच ठिकाणी होते, आणि धोकाही त्यांच्यात वाटला गेला.

आमच्याकडे काय झालं? २००७ मध्ये कर्नाटकानं वाइनसाठी वेगळं धोरण आणलं, मंडळ स्थापन केलं, आणि नंदी खोऱ्याबरोबर कृष्णा खोऱ्याचंही नाव घेतलं. विजापूर, बागलकोट आणि आमचा बेळगाव जिल्हा या कृष्णा खोऱ्यात मोडतो. राज्यात द्राक्ष सर्वांत जास्त पिकतं ते विजापूर जिल्ह्यात, आणि आमचा अथणी तालुका त्याला लागूनच. पण राज्यातल्या नावाजलेल्या वाइनरी बहुतेक बेंगळुरूच्या आजूबाजूला राहिल्या. विजापूरजवळ तोरवीच्या माळावर वाइन पार्क होणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकतो आहोत की तेव्हाची लहान मुलं आता बाग सांभाळू लागली. धोरणात कृष्णा खोऱ्याचं नाव यायला लवकरच वीस वर्षं होतील.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यांत मोठी तक्रार गिऱ्हाइकाची आहे आणि तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे. खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांत एक फरक आहे, तो बैठकीत कुणी सांगत नाही. थॉमसन किंवा सोनाकाचा माल अडला तर आमच्यापुढे तीन वाटा असतात. दलाल आला नाही तर गावातल्या बाजारात विकायचा, तोही नाही जमला तर शेडवर टाकून बेदाणा करायचा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऐन हंगामात गाड्या थांबल्या. त्या वर्षी कितीतरी बागायतदारांनी खायचा माल बेदाण्याला वळवला आणि निदान औषधांचा खर्च काढला. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, दर पडलेला असतो, सौद्यात नमुना बघताना उधळणीत माल जातो, तरी हातात काहीतरी राहतं. कॅबरने किंवा शिराजचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. तो ताटात चालत नाही, बेदाण्यातही चालत नाही. त्याचं एकच गिऱ्हाईक, वाइनरी. ती आली नाही तर त्या मालाला जगात दुसरी जागा नाही.

हे आमच्या घरात घडलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी, धोरणाची हवा होती तेव्हा, सासऱ्यांनी एका कंपनीच्या माणसाच्या शब्दावर बागेतला एक तुकडा कॅबरनेला दिला. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. पहिले हंगाम माल गेला, पैसे उशिरा का होईना मिळाले. मग एका वर्षी तोडणीच्या वेळेला गाडीच आली नाही. फोन केला की "टाक्या भरल्यात, चार दिवस थांबा." माल बावीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडायचा होता, तो चोवीसवर गेला, पंचवीसवर गेला. मणी सुरकुतायला लागले, पाखरांनी घड फोडले, मधमाश्या आणि मुंगळे आले. सासरे रोज सकाळी बागेत जाऊन साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावायचे आणि परत येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. शेवटी तो माल जमिनीवर गेला. पुढच्या हंगामात झाडं करवतीनं कापून त्याच खुंटावर सोनाका भरला. मधलं वर्ष रिकामं गेलं आणि कर्जाचं व्याज चालूच राहिलं. करार म्हणून जे होतं ते एक पानभर पत्र होतं, त्यात 'कंपनीच्या गरजेनुसार' असे शब्द होते. तक्रार कुठं करायची, हे त्या पानावर कुठेच नव्हतं.

तो काळ सगळ्यांनाच वाईट होता, हे मला माहीत आहे. २००८ मध्ये जगाची मंदी आली, वर्षअखेर मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला. नाशिक भागातही त्यानंतर शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या, महाराष्ट्रातल्या एका बड्या वाइन कंपनीचं दिवाळं निघालं आणि मालाचे पैसे बुडाले. धंद्यात चढउतार येणार. उतार आला की तो शेतकऱ्यानं एकट्यानं सोसायचा, ही वाटणी मला मान्य नाही.

आणि हे बदलता येतं. आमच्याच तालुक्यात त्याचा दाखला आहे. कृष्णाकाठचा शेतकरी कारखान्याला ऊस घालतो तेव्हा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश त्याच्या पाठीशी असतो. सरकारनं ठरवलेला किमान दर असतो, चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन असतं आणि उशीर झाला तर त्यावर व्याज असतं. थकबाकी तिथंही राहते, आंदोलनं तिथंही होतात, पण भांडायला पायाखाली कायदा असतो. त्याच तालुक्यात, दहा-वीस किलोमीटरवर वाइनचं द्राक्ष लावणाऱ्याच्या पायाखाली काहीच नाही.

दुसरी तक्रार अंतराची. वाइनचं द्राक्ष पहाटे, ऊन चढायच्या आत तोडायचं असतं, उथळ क्रेटमध्ये ठेवायचं असतं, आणि शक्य तितक्या लवकर गाळपाला न्यायचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे दहा वाजता क्रेटला हात लावला तर माल कोमट लागतो. मणी फुटले की रस आपोआप आंबायला लागतो आणि तिथंच वाइनची प्रत बिघडते. बेंगळुरू आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. तिथल्या टाकीसाठी इथं द्राक्ष लावायला सांगणं म्हणजे खराब माल पिकवायला सांगणं, आणि मग प्रत नाही म्हणून दर पाडायचं कारण आयतंच तयार. वाइनरी बागेपासून तासाभराच्या वाटेवर हवी, किंवा निदान गाळप करून रस थंड करून ठेवणारं केंद्र तरी हवं. नुसती जमीन राखून ठेवल्यानं काम होत नाही. महाराष्ट्रानं नाशिकला विंचूरला आणि आमच्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. विंचूरच्या मागे नाशिकचा सगळा धंदा होता. पलूसला भूखंड होते, पण त्यांच्या मागे बाजार उभा राहिला नाही. तोरवीचं पुढे काही करणार असाल तर आधी पलूसला जाऊन तिथल्या माणसांशी बोला, एवढी विनंती.

तिसरी गोष्ट सीमेची. तिच्याबद्दल बेळगाव जिल्ह्यातला माणूस बोलला की लगेच दुसराच अर्थ काढला जातो, म्हणून स्पष्ट सांगते, मी इथं फक्त बाटलीबद्दल बोलते आहे. आमची द्राक्षं कागवाडवरून म्हैसाळ-मिरजेला रोज जातात, कुणी अडवत नाही. त्याच द्राक्षाची वाइन झाली की ती परदेशी मालासारखी होते. संविधानानं मद्य राज्यांच्या यादीत ठेवलं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही मद्य त्याच्या बाहेर राहिलं. त्यामुळे प्रत्येक राज्याचं अबकारी वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, बाहेरच्या मालाची परवानगी आणि फी वेगळी. कर्नाटकात घाऊक व्यापार २००३ पासून सरकारी बेव्हरेजेस कॉर्पोरेशनच्या डेपोतून चालतो, महाराष्ट्रात तशी पद्धत नाही. आता कागवाड किंवा अथणीत कुणी छोटी वाइनरी काढायची ठरवली तर तिचं जवळचं गिऱ्हाईक कोण? मिरज, सांगली, कोल्हापूर, पुणे. आणि नेमकं तेच गिऱ्हाईक तिला सर्वांत महाग पडणार. म्हणून पैसेवाला माणूस वाइनरी एक तर नाशिकला काढतो, नाहीतर बेंगळुरूला. मधे आम्ही राहतो आणि आमच्यापर्यंत फक्त 'लागवड करा' एवढंच येतं.

दोन्ही राज्यं एकत्र येऊ शकत नाहीत, असं कुणी म्हणू नये. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांना मिळून आहे. तिकडचे चार जिल्हे आणि इकडचे चार, त्यात बेळगावही आहे. आमच्या अथणीचे कारागीर ती चप्पल पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, म्हणून हे झालं. कृष्णा नदी सांगलीतून आमच्याकडे येते. तिच्या दोन्ही अंगांची माती, पाणी, वाण, छाटणी करणारे हात एकच आहेत. उद्या कृष्णा खोऱ्याच्या वाइनला नाव मिळालं तर तेही दोन्ही राज्यांचं मिळून असावं, आणि त्या नावाच्या बाटलीला हद्द ओलांडताना दोन्हीकडे सवलत असावी. यासाठी बोलणी सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. अधिकाऱ्यांनी एकमेकांना एक पत्र लिहायचं आहे.

माहितीच्या भाषेबद्दल थोडक्यात. आमच्या गावांत कन्नड बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत, आणि बागेत दोघं एकाच ओळीत काम करतात. माझ्या शेजारच्या बागायतदाराला कन्नडमध्ये वाचायला सोपं जातं, मला आणि माझ्या गल्लीतल्या बायकांना मराठीत. द्राक्षाचं आमचं सगळं शिक्षण मराठीत झालं, पुण्या-सांगलीच्या चर्चासत्रांतून. कराराचा मसुदा, अनुदानाचे नियम, अर्ज, हे मराठीतही छापा. ज्या कागदावर मी अंगठा किंवा सही करणार, तो मला वाचता आला पाहिजे. यात राजकारण काही नाही.

आता एक गोष्ट जी सहसा अशा पत्रांत येत नाही. आमच्या घरात माळ आहे. सासूबाई आषाढीला पंढरीला चालत जातात. घरात वाइनच्या द्राक्षाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, "आपला माल दारूला द्यायचा का ग?" मी त्यांना म्हटलं, "आत्या, विचार करून सांगते." अजून विचार करते आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा विरोध झाला आणि तो निर्णय अडकला, हे आम्ही शेजारून पाहिलं. तो विरोध मला खोटा वाटला नाही. दारूनं मोडलेली घरं आमच्या गावातही आहेत आणि त्या घरांतल्या बायका माझ्याच बागेत घड विरळायला येतात. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकत नाही. म्हणून माझी अट साधी आहे. वाइनरी येऊ दे, लोकांनी येऊन बाग बघू दे, वाइनरीच्या आवारात चव घेऊ दे, नाशिकला होतं तसं पर्यटन होऊ दे. गावात नवीन विक्रीचं दुकान मात्र नको. वाइनच्या नावाखाली एकही परवाना ग्रामसभेला न विचारता दिला जाऊ नये, आणि त्या ग्रामसभेत बायकांचं मत मोजलं जावं. हे मान्य असेल तर सासूबाईंना उत्तर द्यायला मला शब्द सापडतील.

मागण्या लिहिते. बऱ्याचशा वर आल्याच आहेत, तरी त्यांच्यावरून कुणाला टाळाटाळ करता येऊ नये म्हणून पुन्हा.

लागवडीचा सल्ला देण्याआधी करार द्या. मंडळ, वाइनरी आणि शेतकरी असा तिघांचा करार, किमान दहा वर्षांचा, कारण बाग तेवढी जगते. त्यात ब्रिक्सनुसार किमान दर, माल तयार झाल्यापासून किती दिवसांत उचलायचा ती मुदत, उसासारखे चौदा दिवसांत पैसे आणि उशिराला व्याज. गाडी आली नाही तर भरपाई कुणी द्यायची, हे नावासकट लिहिलेलं असावं. वाइनरीकडून अनामत रक्कम मंडळानं आधी घेऊन ठेवावी. परवाना सरकार देतं, तेव्हा हे सरकारच्या हातात आहे. असा करार देता येत नसेल तर शेतकऱ्याला वाइनचे वाण लावायला सांगणं ताबडतोब थांबवा.

अथणी किंवा कागवाड परिसरात एक सामाईक गाळप आणि शीतकरण केंद्र उभारा, बेदाण्याच्या हंगामाआधी सुरू होईल असं. तिथं साखर, आम्लता आणि औषधांचे अंश तपासणारी छोटी प्रयोगशाळा असावी. शेतकऱ्यासमोर नमुना घेतला जावा, कारण ब्रिक्स कंपनीच्या माणसानं कंपनीच्या यंत्रावर मोजायचा आणि दर त्यावर ठरायचा, यात भांडण ठरलेलं आहे.

बागलकोटच्या फलोत्पादन विद्यापीठानं आमच्या तालुक्यात, शेतकऱ्याच्या रानात, भाड्यानं प्लॉट घेऊन चाचण्या कराव्यात. कॅबरने, शिराज, शेनिन ब्लांक तर बघाच, सांजोवेजे आणि आघारकर संस्थेचा एआरआय-५१६ यांसारखे वाणही बघा. एआरआय-५१६ रोगाला कमी बळी पडतो, आणि वाइनला गेला नाही तर रसाला जाऊ शकतो. अडलेल्या मालाला दुसरी वाट देणारा वाण माझ्या लेखी नावाजलेल्या फ्रेंच वाणापेक्षा मोलाचा आहे. चाचणीत नुकसान झालं तर ते विद्यापीठाचं.

महाराष्ट्राशी अबकारीबद्दल बोलणी सुरू करा आणि त्यात बेळगाव, विजापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांचे बागायतदार बसवा. आणि वर म्हटल्याप्रमाणे सगळे कागद कन्नड आणि मराठीत होबळीच्या (काही गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात ठेवा.

या सगळ्याला पैसा लागेल, हे मला कळतं. पण एका एकराची नवी बाग उभी करायला, खुंट, कलम, अँगल, तार, ठिबक धरून शेतकऱ्याचे काही लाख जातात आणि पहिला माल हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढा पैसा आणि तेवढी वर्षं तुम्ही आमच्याकडून मागत आहात. मागणाऱ्यानं आपला वाटा आधी समोर ठेवावा.

आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिजचे खुंट लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरतात. खुंटाची मागणी रोपवाटिकेत दिवाळीपासूनच नोंदवावी लागते. यंदा काही तरुण शेतकरी वाइनच्या लागवडीचा विचार करत आहेत आणि त्यातले दोघं-तिघं माझ्याकडे विचारायला येऊन गेले. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे. दिवाळीच्या आत या पत्राला लेखी उत्तर द्या आणि कराराचा मसुदा प्रसिद्ध करा. मसुदा नीट असेल तर खुंटाची पहिली मागणी मी स्वतः नोंदवीन. नसेल तर त्या मुलांना शेडला लागणारी नेट आणि सोनाकाच्या काड्या घ्यायला सांगेन.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
अथणी तालुका, जिल्हा बेळगाव